पगाराची चिठ्ठी नाही, तरी पुण्यात खोली मिळते!

बारावीचा निकाल लागतो. मुलाला किंवा मुलीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळतो. गावात पेढे वाटून होतात, मामा-मावशीकडे निरोप जातात. आणि मग चार दिवसांनी घरात खरा प्रश्न उभा राहतो. पोर राहणार कुठे?

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, पुण्यात शिकायला जाणाऱ्या खेड्यातल्या मुलाची पहिली परीक्षा कॉलेजात होत नाही, ती घरमालकाच्या दारात होते. सदाशिव पेठ असो, कोथरूड असो, धनकवडी असो की वाघोली, दारात प्रश्न एकच असतो. "वडील काय करतात? पगार किती? पगाराची चिठ्ठी आणली आहे का?" आपल्याकडे चिठ्ठी कुठली असायला! शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आयकराचे कागदही नाहीत. मुलाला तर कमाईच नाही. गावात ज्याच्या शब्दावर दुकानदार वर्षभर उधार देतो, असा भला माणूस तिथे रिकाम्या हाताने उभा राहतो.

म्हणून एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. तुमच्याकडे पगार नसेल, पण पत आहे. गावात ती तोंडी चालते, कारण तुमच्या आजोबांपासून सगळे तुम्हाला ओळखतात. पुण्यात ओळखणारे कोणी नाही, म्हणून तीच पत कागदावर न्यावी लागते. ती कशी न्यायची आणि कुठे न्यायची, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

घरमालक एवढा का घाबरतो?

समोरच्याची भीती कळली की बोलणे सोपे जाते. पुण्यातल्या घरमालकाच्या मनात तीन भित्या असतात. भाडे थकेल ही पहिली. भाडेकरू जागा सोडणार नाही ही दुसरी. घरात भलतेच काही घडून पोलीस दारात येतील ही तिसरी.

दुसरी भीती जुनी आहे. १९४७ साली मुंबई राज्यात भाडेनियंत्रणाचा कायदा आला. भाडी गोठली आणि भाडेकरूला बाहेर काढणे फार अवघड झाले. पुण्याच्या वाड्यांतून पिढ्यान् पिढ्या नाममात्र भाड्याने बिऱ्हाडे राहिली. त्यावर तोड म्हणून मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे नुसत्या परवानगीने राहण्याचा करार काढला. पण १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांच्या ताब्यात अशा जागा होत्या, त्यांनाही कायद्याने भाडेकरूचे संरक्षण मिळाले. तेव्हा मालकांनी घेतलेली धास्ती अजून पुरती गेलेली नाही. अकरा महिन्यांचाच करार करण्याची रीत या धास्तीत मुरली आहे.

नंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. परवान्याची मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची सोय त्यात मालकाला दिली आहे. म्हणजे करार नीट नोंदवलेला असेल, तर मालकाने घाबरायचे कारण उरत नाही. हे त्याला नम्रपणे सांगायला हरकत नाही. "काका, करार रीतसर नोंदवू, खर्चातला निम्मा वाटा मी देतो," असे म्हणणारा बाप आला की निम्मे दार उघडते.

आधी ठोठावा ते दार वसतिगृहाचे

पण थांबा. भाड्याच्या खोलीकडे धावण्याआधी वसतिगृहाचे दार वाजवून पाहा. तिथे पगाराची चिठ्ठी मागत नाहीत. उलट उत्पन्न कमी असेल तर तेच तिथे उपयोगी पडते.

खेड्यातल्या मुलाची राहण्याजेवण्याची सोय झाली तरच तो शिकेल, हे आपल्या थोरांनी फार आधी ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला १९२४ साली बोर्डिंग काढले आणि १९३२ साली पुण्यातही युनियन बोर्डिंग सुरू केले. पुण्यातच १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती स्थापन केली. ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींना थोडक्या खर्चात ही समिती आजही ठेवून घेते. तिथे मुलांना श्रमही करावे लागतात, शिस्तही पाळावी लागते.

याशिवाय कॉलेजचे स्वतःचे वसतिगृह असते. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी समाजकल्याण खात्याची आणि आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. निरनिराळ्या समाजांनी चालवलेली बोर्डिंगेही पुण्यात आहेत. या सगळ्यांचे अर्ज प्रवेशाच्या दिवसांतच सुटतात आणि जागा भराभर भरतात. पेरणीची गडबड असते हे खरे. पण वाफसा गेल्यावर पेरून जसा उपयोग नाही, तसा मुदत गेल्यावर अर्ज करून उपयोग नाही. उत्पन्नाचा, रहिवासाचा आणि लागत असल्यास जातीचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा.

वसतिगृहात जागा मिळाली नाही, तरी सरकारी आधार आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. रक्कम आणि अटी वेळोवेळी बदलतात. त्या कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्याव्या. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. भाड्याने राहणाऱ्याला राहण्याचा पुरावा दाखवावा लागतो आणि तो पुरावा म्हणजे रीतसर भाडेकरार. तोंडी बोलीवर खोली घेतली, तर हा आधारही हातचा जाऊ शकतो.

कोणते कागद बांधून न्यावे?

आता खोलीच घ्यायची आहे असे धरू. एक पिशवी तयार करा आणि त्यात हे कागद ठेवा.

पहिला कागद पैशाचा. सातबारा आणि आठ-अ चे उतारे घ्या, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घ्या. पण शहरातल्या माणसाला सातबारा पाहून काही उमजत नाही. एकर कळत नाही आणि जिरायत-बागायतही कळत नाही. त्याला महिन्याला किती येतात तेवढे कळते. म्हणून बँकेचे पासबुक भरून आणा. ज्यांच्या घरी दूध आहे त्यांचे काम सोपे. आपण डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलाला 'दुधाचा पगार' म्हणतोच ना? मग तोच पगार सहा महिन्यांच्या नोंदींवर बोट ठेवून दाखवा. ऊस असेल तर कारखान्याच्या बिलाची जमा दाखवा. कांदा, सोयाबीन, कापूस असेल तर बाजार समितीच्या पट्ट्या आणि बँकेतली जमा दाखवा.

दुसरा कागद ओळखीचा. मुलाचे आणि वडिलांचे आधार कार्ड, फोटो आणि कॉलेजचे बोनाफाईड प्रमाणपत्र. प्रवेशाची पावती असली तर उत्तमच. पोलिसांची धास्ती या कागदांनी कमी होते.

तिसरा कागद माणसाचा. पुण्यात नोकरी करणारा गावचा कोणी, आत्याचे यजमान, मुलाच्या शाळेतले जुने गुरुजी, असे कोणी साक्षीला आले तर फार वजन पडते. पण साक्षीदार वेगळा आणि जामीनदार वेगळा. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्याला हा फरक शिकवायला नको. भाडे थकले तर जामीनदाराच्या खिशाला हात लागतो. कोणाला जामीन राहायला सांगत असाल, तर ते त्याला आधी स्पष्ट सांगा.

आणखी एक मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मूल अठरा वर्षांचे पुरे झाले नसेल, तर कायद्याप्रमाणे ते स्वतः करार करू शकत नाही. बारावीनंतर जाणारी कितीतरी मुले सतरा वर्षांची असतात. अशा वेळी करार आईच्या किंवा वडिलांच्या नावाने करावा आणि राहणार कोण ते त्यात लिहावे. यात उलट फायदाच आहे. भाडे देणारा बाप करारात आला की मुलाच्या पगाराचा प्रश्नच मिटतो.

अनामत आणि हंगामाचा पैसा

पुण्यात बहुधा दोन-तीन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून मागतात. दलालामार्फत गेलात तर एक महिन्याचे भाडे त्याचे. शिवाय पहिल्या महिन्याचे भाडे. म्हणजे चार-पाच महिन्यांची रक्कम एकदम लागते. आणि ती लागते जून-जुलैत, जेव्हा आपल्या घरातला पैसा बियाण्याखतात गेलेला असतो.

म्हणून मुलगा दहावी-अकरावीत असतानाच या खर्चाची तजवीज करा. सावकाराकडे जाऊन अनामत भरू नका. अनामत परत येते, सावकाराचे व्याज परत येत नाही.

शेतकऱ्याचा पैसा हंगामात येतो आणि भाडे दर महिन्याला द्यावे लागते. यावर एक तोड आहे. दिवाळीनंतर माल विकला की तीन किंवा सहा महिन्यांचे भाडे एकदम देण्याची तयारी दाखवा. पगार नसलेल्याला हे बोलणे चांगले उपयोगी पडते, आणि मालक थोडे भाडे कमीही करतो. मात्र ही रक्कम भाड्यापोटी आगाऊ दिली आहे असे करारात लिहून घ्या. आगाऊ भाडे आणि अनामत यांची सरमिसळ होऊ देऊ नका. सगळा व्यवहार बँकेतून करा. रोख द्यावीच लागली तर पावती घेतल्याशिवाय जिना उतरू नका.

खोली न पाहता तर एक रुपयाही पाठवू नका. फोनवर सुंदर फ्लॅटची छायाचित्रे दाखवून, "मी लष्करात आहे, बदली झाली आहे, टोकन पाठवा म्हणजे चावी मिळेल," असे सांगून लुबाडणारे पुष्कळ आहेत. तुम्ही जमीन घेताना सातबारा पाहता ना? तसेच इथे मालकाचे अलीकडचे वीजबिल, मिळकत कराची पावती किंवा खरेदीखताची सूची क्रमांक दोन पाहायला मागा. खरा मालक त्याचा राग धरत नाही.

करारात काय लिहून घ्यावे?

करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवला पाहिजे, असे १९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ सांगते. मुदत अकरा महिन्यांची असली तरी यातून सूट नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नोंद नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात. म्हणजे नोंदणीत मालकाचेही हित आहे.

खर्च फार नाही. समजा, तिघे मिळून एक फ्लॅट घेतात. भाडे महिना १२,००० रुपये, अनामत ३६,००० रुपये. अकरा महिन्यांचे भाडे १,३२,००० रुपये होते. अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचे ३,३०० रुपये. दोन्ही मिळून १,३५,३०० रुपये. त्यावर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे साडेतीनशे-चारशे रुपयांच्या घरात. शहरी हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर थोडे हाताळणीचे शुल्क आणि काम करून देणाऱ्याची मेहनत. तिघांत आणि मालकात वाटले तर एका पोत्याच्या खताइतकेही पडत नाही. आता आधार क्रमांक आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी घरबसल्या होते. सही करण्यापूर्वी करार मोठ्याने वाचून घ्या. इंग्रजीत असेल तर मुलाला वाचायला लावा. त्याच्या शिक्षणाचा तेवढा उपयोग पहिल्याच दिवशी झाला पाहिजे.

आता अटी. अनामत किती दिवसांत परत मिळणार ते लिहा. रंगरंगोटीचे पैसे कापणार का, किती, ते लिहा. वीज, पाणी आणि सोसायटीचा खर्च कोणाकडे ते लिहा. मुदतीआधी खोली सोडायची झाली तर किती दिवसांची पूर्वसूचना ते लिहा. ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे. मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी लागली, तेव्हा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी कितीतरी मुले गावी परतली. सामान खोलीत अडकले आणि भाडे चढत राहिले. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितले. पण पुढे ढकलणे म्हणजे माफी नव्हे. ज्यांच्या करारात सोडण्याची अट स्पष्ट होती, त्यांना निदान बोलायला आधार होता.

तिघे राहणार असतील तर तिघांचीही नावे करारात घाला. नाहीतर एक मधेच निघून जातो आणि त्याचे भाडे उरलेल्या दोघांच्या गळ्यात पडते. पहिल्या दिवशी भिंती, नळ, खिडक्या यांचे फोटो काढा आणि विजेच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा. भाडेकरूची माहिती पुणे पोलिसांना कळवावी लागते. ती कळवली आहे ना, हेही मालकाला विचारून घ्या.

मुलीच्या बाबतीत

इथे थोडे थांबून बोलले पाहिजे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. सरकारी प्रवेशफेरीतून प्रवेश घेणे आदी अटी त्याला आहेत. म्हणजे पुष्कळ घरांतल्या मुलीची फी आता अडत नाही. अडते ती खोली. "फी नाही हे खरे, पण राहील कुठे?" या एका वाक्यावर हुशार मुलगी तालुक्याच्या कॉलेजात नाव घालते, किंवा तिचे बाशिंग बांधले जाते.

भावांनो, काळजी रास्त आहे, पण तिचे उत्तर शोधता येते. मुलींची वसतिगृहे आणि खाणावळीसह राहण्याच्या जागा पुण्यात पुष्कळ आहेत. पाहायला जाताना मुलीच्या आईला बरोबर न्या. कडी-कोयंडा, न्हाणीघर, पाणी किती वाजता येते, रात्री रस्त्यावर दिवा असतो का, देखरेखीला बाई असते का, या गोष्टी बापापेक्षा आईच्या नजरेला लवकर दिसतात. तिथे राहणाऱ्या दोन मुलींशी एकांतात बोला. त्या सांगतील ते मालकाच्या सांगण्यापेक्षा खरे.

परमुलखातून आलेल्यांची गत

आपल्यालाच हा त्रास आहे असे वाटून घेऊ नका. पुण्यात आफ्रिकेतून, अफगाणिस्तानातून आणि आखाती देशांतून मुले शिकायला येतात. त्यांना ना पगार, ना इथली भाषा, ना साक्षीला गावचा माणूस. परदेशी माणूस राहायला ठेवला की त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. हा व्याप नको म्हणून कित्येक मालक दारच उघडत नाहीत. त्यांच्या मानाने आपले पोर आपल्याच मुलखात आहे.

आणि उद्या तुमचेच पोर जर्मनीला गेले तर? आता खेड्यातलीही मुले जातात. त्या सरकारला पगाराची चिठ्ठी नको असते, पण वर्षाचा खर्च आधीच एका बंद खात्यात ठेवून दाखवावा लागतो. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. फ्रान्समध्ये याहून बरी सोय आहे. ज्या विद्यार्थ्याला जामीनदार नाही, त्याच्या भाड्याची हमी 'विझाल' नावाची एक सार्वजनिक व्यवस्था फुकट घेते, परदेशी विद्यार्थ्याचीसुद्धा. अशी एखादी हमी आपल्या विद्यापीठांनी किंवा सहकारी बँकांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी घ्यायला काय हरकत आहे? पीककर्जासाठी जो शेतकरी पतीचा ठरतो, तो मुलाच्या खोलीसाठी बेपत का ठरावा? सोसायटीच्या सभेत हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

शेवटच्या चार गोष्टी

काही दारांवर आडनाव विचारतील, मटण खाता का विचारतील. मनाला लागेल. पण खोटे सांगून आत जाऊ नका, कारण तिथे मूल वर्षभर चोरासारखे राहील. पुढचे दार वाजवा. पुणे मोठे आहे.

खोली कॉलेजपासून पायी किंवा एका बसच्या अंतरावर पाहा. स्वस्त म्हणून लांब घेतलेली खोली बसभाड्यात आणि झोपेत महाग पडते. खाणावळीत पहिल्या दिवशी महिन्याचे पैसे भरू नका, आधी चार दिवस जेवून पाहा.

मुलाला कामाची लाज वाटू देऊ नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना आहे आणि ती अनेक कॉलेजांत चालते. त्यातून हातखर्च सुटतो.

आणि भाडे वेळेवर द्या. ठरल्या तारखेला एकदाही चुकू नका. अडचण आली तर तारखेच्या आधी फोन करून सांगा, नंतर नव्हे. वर्षभर असे वागलात की तोच घरमालक पुढच्या वर्षी तुमच्या गावच्या दुसऱ्या मुलाला कागद न पाहता खोली देतो. पुण्यातल्या कितीतरी खोल्यांत अशीच एका गावची मुले एकामागून एक राहून शिकून गेली आहेत. तुमचे मूल पहिले असेल, तर मागून येणाऱ्यांची वाट त्याच्या वागण्याने मोकळी होईल.